जलोदर, जिवाणू आणि बोथट होणारी औषधे

शाळेत पचनसंस्था शिकवताना यकृताचा परिचय बहुधा चार ओळींत आटोपतो. शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी, पित्तरस तयार करणारी, ग्लायकोजेनच्या रूपाने साखर साठवणारी, विषारी पदार्थ निरुपद्रवी करणारी, एवढे सांगून आपण पुढे स्वादुपिंडाकडे वळतो. यकृताचे आणखी एक काम मात्र पुस्तकात क्वचितच येते. आतड्यातून येणाऱ्या रक्ताची झडती घेणे हे ते काम होय. हे काम ढासळले की काय होते, आणि त्याचा आपल्या घरातल्या औषधांच्या डब्याशी कसा संबंध पोहोचतो, हे या लेखात आम्ही मांडणार आहोत.

आतड्यापुढचे नाके

यकृताला दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त मिळते. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश रक्त हृदयाकडून थेट येत नाही. ते जठर, आतडी आणि प्लीहा यांतून फिरून 'पोर्टल व्हेन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिरेतून येते. अन्नातून शोषलेली साखर आणि अमिनो आम्ले या रक्तात असतात. शिवाय आतड्याच्या भिंतीतून निसटलेले थोडेसे जिवाणू आणि त्यांच्या शरीराचे तुकडेही त्यात असतात.

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू सुखाने नांदतात. त्यातील एश्चेरिशिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय, आणि क्लेब्सिएला ही नावे पुढे वारंवार येतील. आतड्यात आहेत तोवर ते सहसा त्रास देत नाहीत. त्यांनी भिंत ओलांडली की मात्र गोष्ट बदलते. यकृतातील सूक्ष्म रक्तमार्गांच्या कडेला काही भक्षक पेशी पहारा करीत बसलेल्या असतात. कार्ल कुफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना कुफर पेशी म्हणतात. आतड्याकडून येणारे जिवाणू पकडून गिळणे हे त्यांचे रोजचे काम. निरोगी माणसात ते इतके बिनबोभाट चालते की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

सिरोसिस आणि पोटातले पाणी

दीर्घकाळ दारूचे सेवन, हेपटायटिस बी आणि सी या विषाणूंचा जुनाट संसर्ग, आणि लठ्ठपणा व मधुमेह यांच्याबरोबर येणारी यकृतातील चरबी ही यकृताच्या ऱ्हासाची मुख्य कारणे आहेत. यकृताच्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, पुन्हा मरतात. जखम भरल्यावर कातडीवर जसा व्रण राहतो, तसे तंतुमय ऊतीचे पट्टे यकृतात जागोजागी तयार होतात. मऊ, गुळगुळीत यकृत कठीण आणि गाठीगाठींचे होते. या अवस्थेला सिरोसिस म्हणतात. स्टेथोस्कोपचा शोध लावणारे फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी १८१९ मध्ये हे नाव दिले. अशा यकृताच्या पिवळसर तपकिरी रंगासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे.

कठीण झालेल्या यकृतातून रक्त सहज वाहत नाही. नळाला चिंधी अडकली की मागच्या नळीत दाब वाढतो, तसा पोर्टल शिरेतील दाब वाढतो. त्याच वेळी, यकृतात तयार होणारे आणि रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांतच धरून ठेवणारे अल्ब्युमिन हे प्रथिन कमी पडू लागते. मूत्रपिंडेही मीठ आणि पाणी शरीरात अडवून ठेवतात. या सर्वांचा परिणाम म्हणून पोटाच्या पोकळीत पाणी साठते. आपल्याकडे जुन्या वैद्यांनी यालाच जलोदर म्हटले, आणि गावात लोक 'पोटात पाणी झाले' असे म्हणतात. काही रुग्णांच्या पोटात दहा-दहा लिटर पाणी साठलेले आढळते.

छिद्र नसताना होणारा संसर्ग

पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ अस्तर असते. त्याला उदरावरण म्हणू. आंत्रपुच्छ फुटले किंवा आतड्याला छिद्र पडले की आतील घाण या पोकळीत येते आणि उदरावरणाचा दाह होतो. तेथे शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. सिरोसिसच्या रुग्णांत मात्र कोठेही छिद्र नसताना पोटातल्या पाण्यात जिवाणू सापडतात. अमेरिकेतील यकृततज्ज्ञ हॅरल्ड कॉन यांनी १९६४ मध्ये या आजाराला दिलेल्या नावाचा मराठीत अर्थ 'आपोआप होणारा जिवाणूजन्य उदरावरणदाह' असा होईल.

'आपोआप' हा शब्द अर्थातच वरवरचा आहे. प्रत्यक्षात तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, दाब वाढल्याने आतड्याची भिंत सुजते आणि झिरपू लागते, आणि आतड्यात जिवाणूंची संख्याही भलतीच वाढते. दुसरी, यकृतातले नाके दुबळे झालेले असते. कुफर पेशी नीट काम करीत नाहीत, आणि बरेचसे रक्त तर यकृताला वळसा घालून दुसऱ्याच शिरांतून थेट हृदयाकडे जाते. तिसरी, पोटातले पाणी हे जिवाणूंना सुरक्षित तळे ठरते. जिवाणूंना चिकटून 'हा शत्रू आहे' अशी खूण भक्षक पेशींना पटवणारी काही प्रथिने रक्तात असतात. पोटातल्या पाण्यात ती फार विरळ होतात. ज्या रुग्णाच्या पाण्यात १०० मिलिलिटरला १ ग्रॅमपेक्षाही कमी प्रथिन असते, त्याला हा संसर्ग होण्याचा धोका विशेष असतो.

येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की या रुग्णाला संसर्ग करणारे जिवाणू बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्याच आतड्यातून आलेले असतात. पुढच्या साऱ्या विवेचनाचा हा पाया आहे.

घड्याळाशी शर्यत

ताप, पोटदुखी, जुलाब, बोलण्यात असंबद्धपणा, लघवी कमी होणे ही या आजाराची लक्षणे. परंतु अनेक रुग्णांत ती अगदी सौम्य असतात किंवा मुळीच नसतात. म्हणून पोटात पाणी झालेला रुग्ण रुग्णालयात दाखल झाला की सुईने थोडे पाणी काढून तपासावे, असा नियम आहे. एका घन मिलिमीटर पाण्यात २५० किंवा अधिक न्यूट्रोफिल, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, आढळल्या की संसर्ग झाला असे मानून उपचार सुरू करतात.

जिवाणूंची वाट का पाहत नाहीत? एकतर या पाण्यात जिवाणू फार थोडे असतात, कधी कधी एका मिलिलिटरला एखाद-दुसराच. साध्या पद्धतीने त्यांची वाढ करायला गेले तर निम्म्याहून अधिक वेळा काहीच उगवत नाही. रुग्णाच्या खाटेशेजारीच १० मिलिलिटर पाणी रक्ततपासणीच्या वाढद्रव्याच्या बाटलीत घातले, तर यश पुष्कळ वाढते. हे तंत्र १९८० च्या दशकात रुळले. तरीही जिवाणूची ओळख पटून त्याच्यावर कोणते औषध चालते हे कळायला दोन-तीन दिवस लागतात. इतका वेळ रुग्णाजवळ नसतो. मूत्रपिंडे बंद पडू लागतात, रक्तदाब कोसळतो. तेव्हा औषधाचा पहिला डोस अंदाजानेच द्यावा लागतो.

या अंदाजावर रुग्णाचे जगणे अवलंबून असते. हा आजार प्रथम ओळखला गेला तेव्हा दहातील नऊ रुग्ण दगावत. वेळेवर निदान आणि योग्य औषध यांमुळे हे प्रमाण पुढे सुमारे दहात दोनपर्यंत खाली आले. १९८५ च्या सुमारास सेफोटॅक्झिम हे सुरक्षित औषध हाती आले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ते ५ दिवस दिले काय आणि १० दिवस दिले काय, गुण सारखाच येतो असे दिसले. १९९९ मध्ये स्पेनमधील डॉक्टरांनी १२६ रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. तीत औषधासोबत शिरेतून अल्ब्युमिन दिलेल्या गटात रुग्णालयातील मृत्यू २९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले.

एकदा हा संसर्ग झालेल्या रुग्णाला तो पुन्हा होण्याची भीती मोठी असते. त्यासाठीही उपाय निघाला. १९९० मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की नॉरफ्लॉक्सॅसिनची गोळी रोज घेतली तर वर्षभरात संसर्ग परतण्याचे प्रमाण ६८ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर येते. गोळी स्वस्त, घरी घेता येणारी. आतड्यातील ई. कोलायसारख्या जिवाणूंची संख्या ती कमी करीत असे. यकृताचे नाके पडले तरी आतड्यातच पहारा बसवल्यासारखे हे झाले.

पहारा का ढासळला

नॉरफ्लॉक्सॅसिन हे नाव आपल्या वाचकांना नवे नसावे. जुलाब झाले की दुकानातून आणायची गोळी म्हणून आपल्याकडे ते कित्येक वर्षे घराघरांत माहीत आहे. जुलाबांपैकी पुष्कळसे विषाणूंमुळे होतात आणि मीठ-साखर-पाण्याने निभावतात, तरीही गोळी घेतली जाते. याचा परिणाम काय होतो हे समजण्यासाठी जिवाणूंची वाढ पाहू.

पोषक परिस्थितीत ई. कोलाय सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. प्रत्येक विभाजनात त्याच्या डीएनएची नक्कल होते आणि नक्कल करताना क्वचित चूक होते. एखादी चूक अशी असते, की औषध जिवाणूच्या ज्या विकराला धरते त्याचा आकारच किंचित बदलतो आणि औषधाची पकड सुटते. दहा कोटी किंवा शंभर कोटी जिवाणूंत असा एखादाच निघतो. पण आतड्यात जिवाणूंची संख्याच प्रचंड. औषध नसताना या एकाला काहीच फायदा नसतो. औषध आले की इतर मरतात आणि मोकळी जागा त्याच्या वंशाला मिळते.

वर्गात येथे एक गैरसमज आवर्जून दूर करावा. 'शरीराला औषधाची सवय झाली' असे आपण म्हणतो. बदलतो तो जिवाणूंचा समुदाय, शरीर नव्हे. तसेच जिवाणू औषध पाहून शहाणा होतो असेही नाही. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये, आणि लेडरबर्ग दांपत्याने १९५२ मध्ये प्रयोगाने दाखवले, की असे बदल झालेले जिवाणू आधीपासूनच समुदायात असतात. डार्विनची नैसर्गिक निवड ही पुस्तकातल्या जिराफाच्या मानेपेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसते.

जिवाणूंकडे दुसरी युक्तीही आहे. औषध तोडणाऱ्या विकराचे जनुक अनेकदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असते. हे कडे एक जिवाणू शेजारच्या जिवाणूला देऊ शकतो, तो वेगळ्या जातीचा असला तरी. म्हणजे निरुपद्रवी जिवाणूने मिळवलेली ताकद पुढे घातक जिवाणूकडे जाते. एका कड्यावर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके एकत्र असली, तर कोणतेही एक औषध वापरले तरी बाकीच्यांविरुद्धची ताकदही जपली जाते.

पिंपरी आणि माहीम यांच्यामध्ये

पनवेल हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे गाव. प्रतिजैविकांच्या भारतीय इतिहासाची दोन टोके या रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. घाट चढून गेले की पिंपरी लागते. तेथे १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून पेनिसिलीन देशातच तयार होऊ लागले. हॅमायसिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत शोधले गेले. न्यूमोनियाने आणि बाळंतरोगाने माणसे दगावण्याच्या काळात या कारखान्याचे मोल मोठे होते.

दुसऱ्या दिशेला मुंबईत माहीमचे हिंदुजा रुग्णालय आहे. तेथील डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात, कार्बापेनेम या राखीव औषधांनाही न जुमानणारे २४ जिवाणू-नमुने तपासले. त्यांतील २२ नमुन्यांत एनडीएम-१ हे विकर बनवणारे जनुक सापडले. त्यांचा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीतील क्लेब्सिएलात हे विकर आदल्याच वर्षी वर्णन झाले होते, आणि नावात नवी दिल्ली आल्याने वादही उठला होता. नावाचा वाद बाजूला ठेवला तरी वस्तुस्थिती आपल्या दाराशी होती.

पेनिसिलीन तोडणाऱ्या विकराचे वर्णन अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच केले होते, म्हणजे ते औषध सर्रास वापरात येण्याआधी. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी अपुऱ्या डोसाने जिवाणू निर्ढावतील असा इशारा दिला होता. पेनिसिलीननंतर सेफोटॅक्झिमच्या कुळातील औषधे आली, ती तोडणारी विकरे पसरली. मग कार्बापेनेम आली, त्यांनाही एनडीएमसारखी विकरे भेटली. त्यापुढे कोलिस्टिनसारखे जुने औषध उरते. ते मूत्रपिंडांना इजा करू शकते, आणि आपल्या रुग्णाची मूत्रपिंडे तर आधीच संकटात असतात.

प्रश्न केवळ रुग्णालयांचा असता तर तो आवाक्यात राहिला असता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २, आणि रस्त्याकडेच्या डबक्यांच्या व झिरपलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१ चे जनुक आढळले. नेदरलँड्समधील संशोधकांनी सुमारे दोन हजार प्रवाशांच्या विष्ठेची प्रवासाआधी आणि नंतर तपासणी केली. जाताना ज्यांच्या आतड्यात सेफोटॅक्झिमला दाद न देणारे जिवाणू नव्हते, अशा दक्षिण आशियात जाऊन आलेल्या प्रवाशांपैकी ७५ टक्के ते घेऊन परतले. ही धडधाकट माणसे होती. पाण्यातून, अन्नातून, हातांवरून हे जिवाणू त्यांच्या आतड्यात शिरले. मग येथेच राहणाऱ्यांचे काय, हे वेगळे सांगायला नको.

आता पायाकडे परत येऊ. सिरोसिसच्या रुग्णाला संसर्ग होतो तो त्याच्याच आतड्यातील जिवाणूंचा, आणि त्याच्या आतड्यात तेच जिवाणू असतात जे गावाच्या पाण्यात आणि शेजाऱ्यांच्या आतड्यांत फिरत असतात. तुम्ही-आम्ही सर्दीसाठी घेतलेल्या गोळीचा दुष्परिणाम आपल्याला बहुधा जाणवत नाही, कारण आपले नाके शाबूत आहे. ज्याचे नाके पडले आहे त्याला तो सोसावा लागतो.

त्याचे माप २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात मिळते. अनेक देशांतील ४६ रुग्णालयांतल्या, सिरोसिस आणि जिवाणूसंसर्ग असलेल्या १३०२ रुग्णांची त्यात नोंद होती. ज्यांच्यात जिवाणू सापडले त्यांपैकी एकंदर ३४ टक्के रुग्णांचे जिवाणू अनेक औषधांना दाद देत नव्हते. भारतातील केंद्रांत हे प्रमाण सुमारे ७३ टक्के, म्हणजे सर्वांत अधिक होते. मोठ्या रुग्णालयांत गुंतागुंतीचे रुग्णच पाठवले जातात, त्यामुळे हा आकडा प्रत्येक गावाला जसाच्या तसा लागू करू नये. तरी त्याचा अर्थ उघड आहे. रायगडच्या एखाद्या तालुक्यातून पनवेलला किंवा पुढे मुंबईला आणलेल्या रुग्णासाठी, बाटलीतला जिवाणू ओळखला जाण्याआधी द्यायच्या पहिल्या औषधाचा अंदाज चुकण्याची शक्यता आता पुष्कळ वाढली आहे. नेमका बाण कोणता हे ठाऊक नाही म्हणून सर्वांत प्रखर औषध आधी वापरावे, तर तेही लवकर बोथट होते.

शाळेत काय करता येईल

सरकारी पातळीवर काही पावले पडली. औषध नियमांतील एच-१ ही यादी १ मार्च २०१४ पासून अमलात आली. तीतील प्रखर प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. वेष्टनावरील लाल रेघेची ओळख करून देणारी मोहीम २०१६ मध्ये सुरू झाली. कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात कोलिस्टिन घालण्यावर २०१९ मध्ये बंदी आली. पण नियम दुकानापर्यंत पोहोचतो, घरातल्या सवयीपर्यंत पोहोचायला शाळाच लागते.

पुढील खेळ एका तासिकेत होतो. एका वाटीत ६४ पांढरे वाल आणि १ राजमा घ्या. वाल म्हणजे औषधाने मरणारे जिवाणू, राजमा म्हणजे न मरणारा. 'डोस' दिला की दर ४ वालांतले ३ काढून टाका, राजमा राहू द्या. नंतर जे उरले ते प्रत्येक जातीचे दुप्पट करा. पहिल्या फेरीनंतर ३२ वाल आणि २ राजमे होतील. दुसरीनंतर १६ आणि ४, तिसरीनंतर ८ आणि ८, चौथीनंतर ४ आणि १६. मग मुलांना विचारा, डोस दिलाच नसता तर? कागदावर चार वेळा दुप्पट करून पाहिले की १०२४ वाल आणि १६ राजमे, म्हणजे प्रमाण पहिल्याइतकेच राहते. राजमे दोन्ही वेळी १६ झाले, फरक पडला तो वाल नाहीसे झाल्याने, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. खरे जिवाणू वर्गात वाढवण्याचा प्रयोग मात्र करू नये.

दुसरे काम घरचे. प्रत्येक विद्यार्थ्याने वडीलधाऱ्यांसमोर घरातल्या उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या पाहाव्यात. लाल रेघ असलेल्या किती, त्या कोणासाठी आणल्या, चिठ्ठी होती का, का उरल्या, असा तक्ता करावा. कोणाला नावे ठेवण्यासाठी हे नाही. आकडे फळ्यावर मांडले की चर्चा आपोआप सुरू होते. चर्चेत एक सूत्र पक्के व्हावे: डॉक्टरांनी सांगितले तर, सांगितले तेवढेच, सांगितले तितकेच दिवस. कमी नको तसेच जास्तही नको. या आजारातही ५ दिवस पुरतात हे आपण पाहिले. आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी आपली नव्हे.

तिसरी गोष्ट मुळाकडची. सिरोसिसच झाला नाही तर हा सारा प्रसंग टळतो. हेपटायटिस बीची लस बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत टोचायची असते, आणि ती सरकारी लसीकरणात मोफत आहे. नववी-दहावीच्या मुलांशी दारूविषयी बोलताना नीतीच्या उपदेशाबरोबर यकृताचे हे नाके दाखवले, तर ते अधिक पटते असे आम्हाला वाटते. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुणे, शाळेच्या टाकीचे पाणी स्वच्छ राखणे, ही जुनीच शिकवण आहे. जे जिवाणू आतड्यात पोहोचलेच नाहीत त्यांच्यासाठी औषध लागत नाही, आणि त्यांच्या अंगची जनुकेही पुढे जात नाहीत.

नवी प्रतिजैविके फार सावकाश येत आहेत. जी आहेत ती पाण्याच्या सार्वजनिक विहिरीसारखी आहेत. एकाने घाण केली तर पाणी सगळ्यांचे बिघडते, आणि आधी आजारी पडतो तो सर्वांत दुबळा. मुलांनी यकृताच्या आकृतीत पित्ताशयाबरोबर पोर्टल शीरही काढावी, आणि तिच्यातून काय काय येते ते शेजारी लिहावे. हा धडा तेथूनच सुरू करता येईल.